काळ्या झाकणातला पंजा

न्येन शेठनी पिवळ्या कापडात गुंडाळलेली वस्तू टेबलावर ठेवली आणि हात लगेच मागे घेतला.

"उघडा," पी-यून म्हणाली.

"तुम्हीच उघडा, बाई. मी आज पुन्हा बघणार नाही."

यान पी-यूनचं ऑफिस चांगह्वा शहरात, एका खाणावळीच्या माळ्यावर होतं. खालून तळणाचा वास सतत वर यायचा. बरीच वर्षं ती एका विमा कंपनीत नुकसानीची तपासणी करत होती. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, चोरीला गेलेल्या आणि न गेलेल्या दागिन्यांच्या पेट्या. नवरा वारल्यावर तिने स्वतःची पाटी लावली. सोबतीला दीर आला, को चिन-फा. वाहतूक पोलिसांतून निवृत्त झालेला, भरदार, प्रेमळ माणूस. गाडी तो चालवायचा, डोकं वहिनी चालवायची, आणि या वाटणीबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

त्यानेच कापड सोडलं.

आत एका महागड्या एसीचं पुढचं झाकण होतं. काळं कुळकुळीत आणि आरशासारखं लख्ख. चिन-फाला त्यात स्वतःचा चेहरा दिसला. त्याने ते खिडकीकडे जरा कलतं केलं.

चेहऱ्याच्या मागून एक हात वर आला होता. कोणीतरी पलीकडून काचेला पंजा टेकवून उभं असावं तसा. तळव्याच्या रेषासुद्धा दिसत होत्या. अंगठा उजवीकडे होता. चार बोटं सरळ वर होती, पण अनामिका अपुरी होती. तिचं टोकच नव्हतं.

"पुसून पाहिलंत?" पी-यूनने विचारलं.

"स्पिरिटने, रॉकेलने. जात नाही. वर काही लागलेलंच नाही, बाई. तो आतच आहे."

चिन-फाने नकळत उजवा हात त्यावर धरला. जुळला नाही. मग डावा टेकवला. बोटावर बोट बसलं, अंगठ्यावर अंगठा. त्याने हात झटकला आणि पँटला पुसला.

"डावा हात आहे, वहिनी."

"वेई उस्तादांचा," न्येन शेठ खालच्या आवाजात म्हणाले. "त्यांच्या डाव्या अनामिकेचं टोक तरुणपणीच प्रेस मशीनमध्ये गेलं होतं. आमच्या लूकांग गावात पोराटोरांना माहीत आहे. आणि उस्तादांना जाऊन दोन महिने होऊन गेले."

पी-यूनने त्यांच्यापुढे चहा सरकवला. "सुरुवातीपासून सांगा."

वेई मू-शुन हे न्येन शेठचे भागीदार. दोघांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये साचे बनवायला सुरुवात केली होती. शेठनी गिऱ्हाईक सांभाळलं, उस्तादांनी पोलाद. या झाकणाचा साचा उस्तादांनी हातांनी घासून आरसा केला होता. होड्यांच्या शर्यतींच्या सणाला कारखाना बंद होता, तरी शेवटचा हात फिरवायला ते एकटेच आले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी पॉलिशची खोली उघडली तेव्हा उस्ताद जमिनीवर पडले होते. डोकं लोखंडी ठोकळ्याच्या कोपऱ्यावर आपटलेलं, शर्टाला दारूचा भपकारा, शेजारी बाटली.

"सरकारी डॉक्टर म्हणाले, नशेत तोल गेला. आणि..." शेठ थांबले. "पडल्यावर बराच वेळ जिवंत होते म्हणाले. कोणी आलं असतं तर वाचले असते."

"साच्याचं काय झालं?"

"त्या खोलीत पाय ठेवायला कोणी तयार होईना. मीच त्याच दिवशी साच्यावर गंजरोधक तेल फवारलं, खोक्यात घातला आणि वरून माझ्या सहीचा कागद चिकटवला. या महिन्यात गिऱ्हाईक मागे लागलं म्हणून सगळ्यांसमोर खोकं उघडलं. कागद जसाच्या तसा होता. साचा तिथून सरळ मशीनवर गेला. साचा तापवून पहिलंच झाकण काढलं आणि त्यात हा पंजा."

"तापवून?"

"तेच तर! थंड साच्यातून काढलं की काही नाही. तापवला की येतो. माणसं म्हणतात, उस्तादांना ऊब लागते." शेठनी कपाळ पुसलं. "त्यात पितरांचा सातवा महिना, बाई. गेलेले सगळे वर आलेत. निम्मे कामगार घरी बसलेत. माझा जावई म्हणतो, कोणीतरी खोडसाळपणा करतंय. माणूस असेल तर शोधून द्या."

"आणि माणूस नसेल तर?"

"तर मला उस्तादांना विचारायचंय, काय हवंय म्हणून," शेठ म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले.

कारखाना लूकांगच्या पश्चिमेला होता. पुढे फक्त मत्स्यतळी आणि समुद्र. खारा वारा पत्र्यांवर आपटत होता. आत प्रत्येक मशीनच्या डोक्यावर हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ ठेवलेला होता, मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून. एका मशीनवर मात्र अशी पाकिटं एकावर एक रचली होती. शेजारी उदबत्त्यांची राख पडली होती.

फांग मुकादम तिथे उभा होता. हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग.

"आधी थंड," पी-यून म्हणाली.

मशीन मिटलं, हिसका बसला, उघडलं. झाकण बाहेर आलं. मळकट काळं, वर एक बारीक शिवण.

"हे असं का?"

"बाई, प्लॅस्टिकचा रस कढत असतो आणि पोलाद थंड. शिवल्या शिवल्या त्याच्यावर साय धरते. मग साचा कितीही गुळगुळीत असू दे, रस त्याला नीट चिकटतच नाही. दोन बाजूंनी आलेला रस भेटतो तिथे शिवण राहते. म्हणून आता साच्याचं फक्त तोंड झटक्यात तापवायचं. आत हीटरच्या कांड्या बसवल्यात. रस आला, पोलादाला पक्का बिलगला, की लगेच थंड पाणी सोडायचं. शेठच्या जावईबापूंचं डोकं. ल्याओ साहेबांचं."

"आता तापवा."

फांगने बटण दाबण्याआधी पाकिटांना हात जोडले.

आत काहीतरी वाजायला लागलं. टिक. टिक टिक. कोणीतरी नखाने पोलाद टोकरत असावं तसं. चिन-फा वहिनीच्या जवळ सरकला.

"हे रोजचंच," फांग कुजबुजला. "तापायला लागला की ठोकतात. आणि दिवसेंदिवस जोरात."

झाकण बाहेर आलं. शिवण नाही. तळ्याच्या पाण्यासारखं काळंभोर. आणि आत, खोलवर, तो पंजा.

पी-यूनने मशीन बंद करायला लावलं. साचा गार झाल्यावर ती दोन भागांच्या मध्ये वाकून शिरली. पोलादाच्या आरशात तिला फक्त ती स्वतः दिसत होती.

"भावोजी, माझ्या डाव्या बाजूने बॅटरी धरा. तिरपी."

मग तिने पोलादावर हळूच फुंकर घातली. वाफ पसरली, आणि त्या धुक्यात पंजा उमटला. अंगठा बॅटरीच्या बाजूला, बोटं वर. धुकं विरलं तसा तोही विरला. चिन-फा बॅटरी घेऊन एक पाऊल मागे सरला.

"वहिनी, त्याने श्वास घेतला..."

"श्वास माझा होता, भावोजी. चला, लोकांशी बोलू."

पॉलिशच्या खोलीत आता च्यू मान-यू एकटी बसायची. सगळे तिला आ-यू म्हणत. पन्नाशीची, बारीक अंगाची, हातात पांढरे मोजे. वेई उस्तादांची ती एकमेव शागीर्द.

"तुम्ही पंजा काढू शकाल?" पी-यूनने विचारलं. "म्हणजे, तसा पंजा साच्यावर कोरू शकाल?"

"हत्यार द्या, तुमचा चेहरा कोरून देते." आ-यूने डोळे वर केले. "पण हे कोरलेलं नाही. कोरलेल्याला कडा असते."

"मग काय आहे?"

"मला विचारू नका. मी त्या साच्यासमोर रोज उदबत्ती लावते, बस."

तिच्यासमोर एक लहान साचा होता. त्यावरची अक्षरं चिन-फाला वाचता येईनात. "हे कुठल्या भाषेत?"

"आपल्याच. उलटी आहेत. साच्यात उलटं कोरायचं, म्हणजे मालावर सुलटं येतं." ती पहिल्यांदा जराशी हसली. "पोलीस खात्यात शिकवत नाहीत वाटतं."

"आम्हाला गाड्यांचे नंबर सुलटे मिळायचे, ताई."

चिन-फा जवळून बघायला पुढे झाला आणि आधारासाठी त्याने हात टेकवला. आ-यू केवढ्यांदा तरी ओरडली, "हात!"

तो दचकून मागे सरला. तिने घाईने ती जागा फडक्याने पुसली, मग कसल्याशा द्रवाने, मग पुन्हा फडक्याने.

"उघड्या हाताने आरशाला शिवायचं नाही. घामात मीठ असतं. काहींचा घाम तर पोलाद खातो. उस्ताद नव्या माणसाच्या हातात आधी एक पोलादाची चकती देत. दुसऱ्या दिवशी तिच्यावर डाग दिसला की या खोलीची दारं त्याला कायमची बंद. मग तो मालक का असेना."

"उस्ताद स्वतः शिवतील?"

"झोपेतसुद्धा नाही."

"आणि दारू?"

आ-यूचा चेहरा कठीण झाला. "हात थरथरतो म्हणून त्यांनी दारू कधीच सोडली होती. शेठना मी सांगितलं. शेठ म्हणाले, सणाचा दिवस, घेतली असेल. ती बाटली शेठच्याच कपाटातली होती. पाहुण्यांसाठीची. किल्ली शेठकडे आणि जावयाकडे."

जिन्यावर चिन-फा म्हणाला, "वहिनी, शेठच तर नाही? साचा त्यांनीच पॅक केला."

"मग त्यांनी मला कशाला बोलावलं?"

"भीतीने."

"भ्यालेला अपराधी गुरुजींना बोलावतो," पी-यून म्हणाली. "मला नाही."

ल्याओ वन-खायचं ऑफिस थंड आणि नीटनेटकं होतं. चाळिशीचा, देखणा माणूस. कारखान्यात फिरताना घातलेले सुती मोजे त्याने काढून बाजूला ठेवले आणि स्वतः चहा ओतला.

"खरं सांगू? हे त्या आ-यूचं काम आहे," तो म्हणाला. "उस्ताद गेल्यापासून ती माझ्यावर डूख धरून आहे. नवी पद्धत आली की या लोकांना वाटतं, आपलं महत्त्व गेलं."

"उस्तादांनाही तसं वाटायचं?"

"उस्ताद माझ्या वडिलांच्या जागी होते. वाद व्हायचे, कामाचे. त्यांना हीटरची भोकं तोंडाच्या फार जवळ वाटायची. मी म्हणायचो, जवळ नसतील तर तोंड झटक्यात तापणार कसं?"

"सणाच्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"घरी. बायको मुलीला शर्यती दाखवायला घेऊन गेली होती. मी झोपलो होतो."

पी-यूनने पर्स चाचपली. "तुमचं पेन द्याल?"

त्याने खिशातून पेन काढून दिलं. वजनदार, पोलादाचं. पकडायच्या जागी खवले पडले होते, क्लिप तांबूस झाली होती.

"जुनं दिसतंय."

"नाही हो, गेल्या नववर्षाला सासऱ्यांनी दिलं. खाऱ्या हवेत काही टिकत नाही इथे."

पी-यूनने त्याला विचारून फांगचा फोन नंबर लिहून घेतला आणि पेन परत केलं. शेठच्या ऑफिसातल्या टेबलावर तसंच पेन होतं, हे तिने सकाळी पाहिलं होतं. ते लखलखत होतं. चिन-फानेही ते पाहिलं होतं. पण त्याला वाटलं, शेठ वस्तू जपतात.

अंगणात नैवेद्याचं टेबल मांडायचं चाललं होतं. आख्खी कोंबडी, फळं, तांदळाची दारू, लाल मेणबत्त्या, आणि गेलेल्यांना तोंड धुवायला पाण्याचं घंगाळं आणि टॉवेल. शेठची मुलगी सू-मेई एकेक थाळी सरळ करत होती.

"वेई काकांसाठी बांबूच्या पानातला भात केलाय," ती म्हणाली. "हे त्या सणाचं पक्वान्न, आत्ता कोणी करत नाही. पण त्या दिवशी त्यांचं राहिलं ना. मी डबा पाठवणार होते कारखान्यात. राहून गेलं."

"घरी सगळे असतील तुम्ही सणाला," पी-यून म्हणाली.

"सकाळी होतो. मी या बाईसाहेबांना घेऊन शर्यतीला गेले." तिने अंगणात खेळणाऱ्या मुलीकडे पाहिलं. "वन-खाय घरीच राहिला. आदल्या दिवशी हीटरने करंगळीशेजारचं बोट भाजून घेतलं होतं, एवढी पट्टी बांधलेली. भातसुद्धा चॉपस्टिकऐवजी चमच्याने खाल्ला. ही हसून हसून लोळली, बाबा बाळ झाले म्हणून."

पी-यूनने त्या मुलीकडे पाहिलं.

"सू-मेई," ती म्हणाली, "पूजा झाली की सगळ्यांना इथेच थांबायला सांगशील? तूही थांब. मुलीला मात्र शेजारी पाठव."

दुपार कलली होती. वाऱ्याने मेणबत्त्या फडफडत होत्या. गेलेल्यांसाठी जाळलेल्या कागदी नोटांची राख अंगणभर उडत होती. टेबलाभोवती शेठ, सू-मेई, ल्याओ, आ-यू आणि फांग उभे होते. चिन-फा फाटकाशी. का, ते वहिनीने सांगितलं नव्हतं.

पी-यूनने काळं झाकण टेबलाला टेकवून उभं केलं. मग खिशातून नाणं काढून त्यावर लाल मेणबत्तीचं मेण ओतलं. मेण पटकन गोठलं. तिने ते सोलून दाखवलं.

"फांग, काय दिसतंय?"

"काही नाही. सुरकुत्या."

मग तिने चिमट्यात नाणं धरून ज्योतीवर तापवलं आणि पुन्हा मेण ओतलं. या वेळी ते हळू पसरलं. पाण्यात बुडवून तिने ते सोडवलं. मेणात नाण्यावरचा चेहरा, आकडा, अक्षरं, सगळं उतरलं होतं.

"थंड पोलादावर रस नुसता टेकतो. तापलेल्या पोलादावर तो खरखरीतपणाचा कण न् कण टिपतो. म्हणून पंजा तापल्यावरच दिसतो. त्यात उस्तादांची ऊब नाही. पंजा साच्यावर आहे, आणि तो कोरलेला नाही. आ-यूताई बरोबर म्हणाल्या. तो गंजलेला आहे."

"म्हणजे?" शेठनी विचारलं.

"घामेजला उघडा हात आरशावर टेकला. मीठ तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही वरून तेल फवारलंत, पण मीठ तेलाखाली आपलं काम करत बसलं. पोलाद कणाकणाने खडबडीत झालं. नुसत्या डोळ्याला दिसणार नाही इतकंच. आता प्रश्न एवढाच, हात कधी टेकला? उस्तादांनी शेवटचं पॉलिश करण्याआधीचा असता तर घासून गेला असता. खोकं बंद झाल्यावर कोणी शिवलं नाही. तुमचा सहीचा कागद शाबूत होता, आणि पहिल्याच झाकणात पंजा आला. मधे उरतो तो सणाचा दिवस."

"म्हणजे उस्तादांचाच," फांग म्हणाला. "पडता पडता टेकला असेल."

"मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं. डावा हात, अपुरी अनामिका. माझ्या दिराने हात लावून खात्रीसुद्धा केली." तिने मेणाचा तुकडा पुढे केला. "चिन-फा भावोजी, ही अक्षरं वाचा."

चिन-फा फाटकाजवळून दोन पावलं पुढे आला. "उलटी आहेत, वहिनी." आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. "साच्यात उलटं... मालावर..."

"मालावर डावा, म्हणजे साच्यावर उजवा. मी फुंकर घातली तेव्हा अंगठा तुमच्या बॅटरीकडे होता, माझ्या डावीकडे. तुमचा उजवा हात भिंतीला लावून बघा, अंगठा कुठे येतो."

फांगने हळूच उजवा हात हवेत धरला आणि खाली घेतला.

"वेई उस्तादांचा उजवा हात धड होता. म्हणजे त्या दिवशी खोलीत दुसरं कोणीतरी होतं. त्याच्या घामाने पोलाद गंजतं. वर्षाच्या आत ज्याचं पोलादी पेन खवल्यांनी भरलं, तसंच पेन त्याच हवेत सासऱ्याच्या टेबलावर लखलखतंय. आणि त्या दिवशी त्याच्या उजव्या अनामिकेचं टोक पोलादाला टेकलं नाही, कारण त्यावर पट्टी होती. इतकी जाड, की चॉपस्टिक धरता येईनात."

सू-मेईच्या हातातली थाळी खाली पडली. ती ल्याओकडे बघत नव्हती. पी-यूनकडे बघत होती, जणू तिने तिच्याकडून काहीतरी चोरलं होतं.

"हा मूर्खपणा आहे," ल्याओ म्हणाला. "मी पूर्वी कधीतरी हात लावला असेल."

"पट्टी आदल्या दिवशीची. पॉलिश सणाच्या दिवशीचं."

"पण मी कशाला जाईन तिथे?"

"ते साचा स्वतः सांगतोय. तापला की वाजतो ना तो? उस्ताद ठोकत नाहीत, फांग. हीटरची भोकं तोंडाच्या फार जवळ आहेत. रोज झटक्यात तापून झटक्यात थंड होताना आत तडा वाढतोय. उस्तादांना ते आधीच कळलं होतं. सण झाल्यावर ते शेठना सांगून काम थांबवणार असावेत. मला वाटतं, त्या दिवशी तुम्ही हीटर लावून तोंड सगळीकडे सारखं तापतंय का ते तळव्याने चाचपत होता. चूक किती आहे ते बघायला. उस्ताद मधेच आले." ती थांबली. "हा शेवटचा भाग माझा अंदाज आहे. झाकणात तळव्याच्या रेषा स्वच्छ उतरल्या आहेत. त्या पोलीस जुळवतील. तो अंदाज नसेल."

ल्याओने सासऱ्याकडे पाहिलं. शेठ थिजले होते.

"मी ढकललं नाही," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "बाबा, मी ढकललं नाही. हात आरशावर बघून ते वेड्यासारखे अंगावर आले. कॉलर धरली. मी फक्त झटकलं."

"आणि बाटली?" आ-यूने विचारलं.

ल्याओने सासऱ्यावरची नजर काढली.

"वन-खाय." सू-मेई पहिल्यांदा बोलली. "ते शुद्धीवर होते?"

वारा थांबल्यासारखा झाला.

"नाव घेत होते," ल्याओ म्हणाला.

"कोणाचं?"

"माझं." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "मी बाटली ठेवली, शर्टावर ओतली. ते बघत होते. मग मी दिवा मालवला. दार लावलं. तरी बाहेर ऐकू येत होतं."

आ-यूने तोंडावर मोजे दाबून धरले. शेठ मटकन खुर्चीवर बसले. चिन-फा फाटकासमोर आडवा उभा राहिला, पण ल्याओ पळाला नाही. तो नैवेद्याच्या टेबलाशी उभा राहिला, दोन्ही हात खिशात घालून.

सू-मेईने फोन काढला. तिला नंबर दोनदा लावावा लागला. पत्ता सांगताना मात्र तिचा आवाज हलला नाही.

वेईंची बायको वांगकुंगच्या किनाऱ्यावर राहायची. दुसऱ्या दिवशी न्येन शेठ निघाले तेव्हा त्यांनी पी-यूनला आणि चिन-फाला सोबत यायची विनंती केली. एकट्याने जायचं धाडस त्यांच्यात नव्हतं.

ती दारातच कालवं फोडत बसली होती. शेजारी शिंपल्यांचा ढीग. शेठ समोर उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, उभ्यानेच, काही न गाळता. दाराबाहेर ऐकू आलेला आवाजसुद्धा.

तिची सुरी मधे एकदाच थांबली.

"वहिनी, मू-शुन प्यायला नव्हता," शेठ शेवटी म्हणाले.

"मला माहीत आहे. मी तेव्हाच सांगायला आले होते तुमच्याकडे." तिने वर पाहिलं. "तुम्ही मला चहा पाजलात, आणि गाडीने घरी पोचवलंत."

चिन-फा समुद्राकडे बघत राहिला.

"हे आणखी कोणाला सांगितलंत?" तिने शेठना विचारलं.

"पोलिसांना."

"इथे पोलिसांनी नाही म्हटलं दारुडा. तुमचंच ऐकून लोकांनी म्हटलं." ती उठली, बादलीत हात धुतले, कपाळावरून फडकं घट्ट बांधलं. "माझ्या मुलाला शाळेतली पोरं म्हणाली. कालवं घेणाऱ्या बाया म्हणाल्या. आत्ता मासळीबाजार भरलाय. सगळे तिथेच आहेत."

ती पुढे चालू लागली. शेठ मागून निघाले.

बाजारात बर्फाच्या पाण्याने पायाखाली चिखल झाला होता. ती मधल्या ओट्याशी थांबली, एक रिकामं क्रेट उलटं केलं आणि बाजूला झाली. न्येन शेठनी चिखलाने माखलेल्या बुटांनीच त्यावर पाय ठेवला. कोणीतरी हसलं. मग ओळखीचे चेहरे वळले, कोयते थांबले.

"मी न्येन थ्येन-लाय," ते म्हणाले. आवाज चिरकला. त्यांनी पुन्हा, मोठ्याने सुरुवात केली. "वेई मू-शुनबद्दल मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."